खांद्यावरचं ग्रहण

मुकुंद पेडणेकर सर ग्रहणाची गोष्ट सांगायला उभे राहिले की समोरची पोरं खोकायचीसुद्धा विसरतात, असं चिपळुणात म्हणायचे. थोडं वाढवून म्हणत असतील, पण गोष्ट होतीच तशी.

"सन एकोणीसशे ऐंशी. फेब्रुवारी महिना. कारवार!" सर हात वर करून सुरुवात करत. "भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण. अख्खं गाव दारं-खिडक्या लावून आत बसलेलं. रस्त्यावर कुत्रं नाही. आणि समुद्रावर माणसं किती? दोन! एक आमचे अण्णा, आणि दुसरा त्यांच्या खांद्यावर बसलेला पाच वर्षांचा मी."

मग तो एक्स-रे यायचा. अण्णा डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. दवाखान्यातून त्यांनी कुणाच्या तरी मोडलेल्या मनगटाची फिल्म आणली होती. तिच्यातून बघितलं तर हाडांच्या मधोमध सूर्य, आणि तो कुणीतरी कुरतडत चाललेलं. "तसं बघायचं नसतं हं, डोळे जातात," सर बजावत. "पण तेव्हा कोणाला ठाऊक होतं!" मग अंधार, मग दुपारच्या आभाळात चांदणी, मग घराकडे निघालेले कावळे.

सरांची थोरली बहीण शालन कधी या कार्यक्रमाला असलीच, तर पदराचा काठ चाचपत खाली मान घालून बसायची. लोकांना वाटे, भावाचं कौतुक ऐकून लाजते बिचारी. लाजते कसली! अण्णांच्या खांद्यावर त्या दिवशी मुकुंद नव्हताच. ती होती.

मुकुंदाला त्या दिवशी ताप होता. आईनं खिडक्यांना गोधड्या लावल्या, पाण्याच्या कळशीत तुळशीपत्रं टाकली आणि त्याला मांडीवर घेऊन बसली. अण्णा मात्र, "एका पेशंटला औषध देऊन येतो, शालूला सोबत नेतो," अशी शुद्ध थाप मारून निघाले ते थेट समुद्रावर. त्याच पावसाळ्यात काविळीनं अण्णा गेले. नातलगांनी लगेच निकाल लावला, ग्रहणात बाहेर पडला, दुसरं काय होणार! आई दोन्ही पोरांना घेऊन रत्नागिरीला भावाकडे आली.

शाळा चढावर होती. मुकुंद वाटेतच बसकण मारायचा. "मला अण्णा आठवत नाहीत. तुला आठवतात, मला नाहीत," म्हणून भोकाड पसरायचा. तिच्याजवळ अण्णा कितीतरी होते, याच्याजवळ एकही नाही! मग एके दिवशी ती म्हणाली, "असं कसं? ग्रहणाच्या दिवशी तूच तर होतास त्यांच्याबरोबर."

"मी?"

"मग कोण? मी घरी होते, आईपाशी. आपण सगळे जेवलो, आणि मग अण्णांनी तुला उचललं."

"मग?"

"मग खांद्यावर बसवलं."

"मग?"

तो चढ संपेपर्यंत ते "मग? मग?" चालायचं. रोज. कितीतरी महिने. हळूहळू मुकुंद स्वतःच पुढचं सांगायला लागला, आणि एक दिवस त्यानं ती गोष्ट मामाच्या घरात जेवताना सगळ्यांसमोर सांगितली. आईनं हातातला वाढायचा डाव तसाच धरला, शालनकडे पाहिलं, आणि मुकुंदाच्या पानात आणखी भात वाढला. विषय तिथेच मिटला.

त्या एका गोष्टीवर मुकुंद उभा राहिला. दुर्बिणी केल्या, विज्ञानाचा मास्तर झाला, गावोगाव पोरांना आभाळ दाखवत फिरला. शालननं रत्नागिरीत शिवणक्लास चालवला, संसार केला, आणि त्या दिवसाबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही.

आणि आता, दोन हजार चौतीस साल उजाडता उजाडता, मुकुंद पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्या दारात उभा होता.

"ताई, माझी निवड झाली! पुण्याची संस्था आहे, प्रत्यक्षदर्शींच्या आठवणींचा संग्रह करतायत. मार्चमध्ये लडाखला खग्रास ग्रहण आहे ना, तिथे ऐंशी सालचा एक साक्षीदार नेणार आहेत. जुनं ग्रहण आणि नवं ग्रहण एकाच मेंदूत कसं दिसतं ते तपासणार. त्याआधी एक चाचणी, बस्स."

"कसली चाचणी?"

"आठवण खरी डोळ्यांनी पाहिलेली आहे का, ते यंत्र सांगतं."

शालनच्या हातातला पेढा हातातच राहिला. "या वयात लडाख? तिथे हवा विरळ असते म्हणे. आणि तुझा तो गुडघा?"

"गुडघ्यानं थोडंच ग्रहण बघायचंय!" मुकुंद हसला. "ताई, अण्णांचं नाव संग्रहात जाईल गं. वासुदेव पेडणेकर, कंपाउंडर. अख्खं गाव आत बसलेलं असताना बाहेर पडलेला माणूस."

तिनं पेढा तोंडात टाकला.

संस्थेची शास्त्रज्ञ पुढच्या आठवड्यात आली. इरावती नाबर. वयानं शालनच्या मुलीएवढी, बोलायला मोकळी. मुकुंदही आला होता. शालननं पोहे केले आणि खोदून खोदून विचारायला बसली.

"मावशी, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे," इरावती म्हणाली. "ती भाकरीसारखी असते. दर वेळी नव्यानं थापावी लागते. आपण आठवतो तेव्हा मेंदू ती पुन्हा थापतो आणि पुन्हा ठेवून देतो. त्यामुळे माणसाला स्वतःला कळत नाही, की हे मी पाहिलंय का नुसतं ऐकलंय. दोन्ही सारखंच खरं वाटतं. भावंडांमध्ये तर नेहमी होतं. पडलेला असतो एक, आणि खरचटल्याचं दोघांनाही आठवतं."

शालननं पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे केला.

"पण मेंदूत एक खूण राहते. डोळ्यांनी पाहिलेलं आठवताना डोक्याच्या मागच्या बाजूचं, दृष्टीचं केंद्र आधी जागं होतं. शब्द मागून येतात. ऐकलेलं आठवताना उलटं. आधी कानाजवळचा, भाषेचा भाग जागा होतो, आणि मग चित्र तयार होतं. फरक पापणी लवायच्याही आतला, पण आमचं हेल्मेट तो पकडतं. चित्र आधी की शब्द आधी, एवढंच बघायचं. पाहिलेलं पडद्यावर निळं दिसतं, ऐकलेलं केशरी. संस्थेत सगळे त्याला चाळण म्हणतात."

"आणि तीच गोष्ट जन्मभर लोकांना सांगितली असेल तर? सांगून सांगून शब्दच आधी येणार की!" शालननं आशेनं विचारलं.

"तरी तळाला थोडं निळं उरतंच. स्वतःशी कधीतरी आठवलेलं असतं ना."

मुकुंद हात धुवायला मागे गेला, तशी शालन पुढे झुकली. "इरावती, एक मागू? निकाल काहीही लागला तरी त्याला चांगलाच सांगशील?"

इरावतीनं चमचा खाली ठेवला. तिला सगळं कळलं असावं, पण तिनं विचारलं नाही. "सरांनी आधीच बजावलंय मावशी, जे असेल ते तोंडावर सांगायचं. यंत्रापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं पडेल त्यांना."

बरं पडेल! सांगायला सोपं आहे. शालननं पुढचे दिवस रोज फोन उचलला आणि रोज भलतंच बोलली. स्वेटर घे. जिऱ्याच्या गोळ्या घे. पुण्याच्या गाडीतसुद्धा ती त्याच्या शेजारी बसली, आणि घाट संपला, सातारा गेलं, तरी तिच्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. मुकुंद तोंड भरून अण्णांबद्दल बोलत होता. त्याला मधेच तोडायचं कसं?

चाचणीची खोली लहान होती. मधे काच. हेल्मेट स्कूटरच्या हेल्मेटसारखंच, फक्त वायरी फार. मुकुंद खुर्चीत ऐटीत बसला आणि नेहमीच्या झोकात सुरू झाला. "सन एकोणीसशे ऐंशी. फेब्रुवारी महिना. कारवार!"

काचेच्या अलीकडे शालन पडद्याकडे बघत होती. केशरी. समुद्र केशरी, एक्स-रे केशरी, चांदणी केशरी, कावळे केशरी.

इरावती माईकवर हळूच म्हणाली, "सर, आता सांगू नका. तोंड बंद ठेवून नुसतं आठवा. सगळ्यात आधी काय येतं?"

मुकुंदानं डोळे मिटले. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "आवाज येतोय."

"समुद्राचा?"

"नाही. कुणीतरी म्हणतंय, 'आणि मग अण्णांनी तुला उचललं.' मुलीचा आवाज आहे. दम लागलेला. चढ चढताना लागतो तसा..."

त्यानं डोळे उघडले आणि काचेतून सरळ शालनकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर तो भिंतीपाशी उभा राहिला. "ताई, तिथे मी नव्हतो ना?"

"नव्हतास."

"तू होतीस."

"हो रे."

"माझ्याकडे अण्णांची ती एकच गोष्ट होती गं."

"तुझ्याकडे एकही नव्हती, म्हणून तर माझी दिली!"

"दिलीस? माझी म्हणून दिलीस. मी जन्मभर पोरांसमोर उभं राहून खोटं बोललो, आणि तू पहिल्या रांगेत बसून ऐकलंस." त्याचा आवाज फुटला. तो एकटाच स्टँडवर गेला. परतीच्या गाडीत शालनच्या शेजारची जागा रिकामी होती आणि ती रत्नागिरीपर्यंत त्या जागेवर पिशवी ठेवून रडत होती.

मुकुंदानं कार्यक्रम बंद केले. फोन उचलेना. शालनला जेवण जाईना. आपण केलं ते चूक होतं का, हा प्रश्न तिनं स्वतःला शंभरदा विचारला, आणि दर वेळी डोळ्यांसमोर चढावर बसकण मारलेला तो पोर यायचा. तिनं पुन्हा तेच केलं असतं.

आणि मग इरावतीचा फोन आला. "मावशी, सर तुमच्याशी बोलतायत का? माझा फोन घेत नाहीत. त्या दिवशी अगदी शेवटी, हेल्मेट काढायच्या आधी, त्यांच्या पडद्यावर एक निळी रेघ आली होती. इतकी गडद निळी मी अजून कुणाची बघितली नाही. त्यांना तेव्हा काय आठवत होतं, तेवढं विचारा."

शालन दुसऱ्या दिवशीच चिपळूणला गेली. मुकुंदाचं दार बंद होतं.

"मुकुंदा, दार उघड. नाहीतर अंगणात बसून भजन म्हणेन. माझा गळा ठाऊक आहे तुला!"

कडी निघाली. मुकुंद दाढी वाढवून उभा होता. तिनं त्याला खुर्चीत बसवलं आणि निरोप सांगितला.

"ते काही नाही," तो म्हणाला. "त्यांनी गप्प राहून आठवायला सांगितलं, तेव्हा मधेच घर आलं. कारवारचं. सगळा काळोख, आईची मांडी, मला ताप. आणि जमिनीवर चंद्रकोरी."

"कसल्या चंद्रकोरी?"

"शेणानं सारवलेल्या जमिनीवर. उजेडाच्या. खूप होत्या, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या. मी धरायला जायचो तर माझ्याच हातावर चढायच्या. मग त्या बारीक होत गेल्या आणि विझल्या. तापातलं स्वप्न ते. कुणाला सांगितलं नाही कधी."

शालन गोंधळून त्याच्याकडे बघत राहिली. आणि बोलता बोलता मुकुंदच थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"कौलं!" तो ओरडला. "ताई, कौलं! आईनं खिडक्यांना गोधड्या लावल्या, पण कौलांना काय लावणार? कौलांच्या फटींतून ऊन आत येतं ना, त्याचा कवडसा फटीच्या आकाराचा नसतो, सूर्याच्या आकाराचा असतो! मी दर वर्षी पोरांना बुटांच्या खोक्याला भोक पाडून दाखवतो हे. सूर्य कोर झाला की जमिनीवर कोरीच पडणार. अगं, मी ग्रहण बघितलं! घरात बसून बघितलं!"

एवढी वर्षं हा गडी तीच विद्या शिकवत होता, आणि स्वतःच्या हातावर चढलेला सूर्य त्याला ओळखू आला नव्हता. शालनला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मग?" तिनं विचारलं.

"मग त्या पुन्हा उमटल्या, मोठ्या झाल्या. मग दार उघडलं. इतका उजेड, की डोळे मिटले. अण्णा आत आले. पायाला वाळू." तो एकदम थांबला. "बाकीचं राहू दे."

राग अजून पुरता उतरला नव्हता, हे तिला कळलं. तिनं ताणलं नाही.

इरावतीनं ऐकलं तेव्हा ती फोनवरच किंचाळली. संस्थेनं गावोगाव बाहेर थांबलेली माणसं शोधली होती. आत बसलेल्यांना, यांनी काय पाहिलं असणार म्हणून, कुणी विचारलंच नव्हतं. अन् कौलारू घरं तर किनाऱ्यावर हजारो! मुकुंदाची पुन्हा चाचणी झाली. कोरी निळ्या, आईची मांडी निळी, दारातला उजेड निळा.

"आणि मावशी, आता तुम्ही," इरावती म्हणाली. "खांद्यावर तर तुम्हीच होता. दोघांनाही नेऊ लडाखला."

शालननं हेल्मेट चढवलं. तिला भीती नव्हती. ती तिथे होती, यात शंका कसली? तिनं डोळे मिटले. वाळू निळी आली. गार वारा निळा आला. अंधार पडायच्या जरा आधी वाळूवरून काळ्या-पांढऱ्या रेघा सळसळत गेल्या होत्या, सापांसारख्या, आणि ती घाबरून किंचाळली होती. हे तिनं मुकुंदालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, भिईल म्हणून. ते सगळं निळं होतं. ग्रहणाच्या तोंडाला हवेच्या हेलकाव्यांमुळे तशा सावल्या पळतात, असं इरावतीनं सांगितलं.

पण खांदा केशरी आला.

"नीट आठवा मावशी. घाई नाही. तुम्ही वर बसला आहात..."

शालननं जीव तोडून आठवलं. अण्णा दिसले. त्यांच्या खांद्यावर मूल दिसलं. तो मुकुंद होता. पाच वर्षांचा, लाल स्वेटरातला. ती स्वतः वाळूत उभी राहून त्या दोघांकडे वर बघत होती.

"मी तिथे नाहीये गं," ती कासावीस होऊन म्हणाली. "मी होते ना? मग मला त्यांचा खांदा का आठवत नाही? तळाला थोडं निळं उरतं म्हणालीस ना तू?"

इरावतीनं हेल्मेट उतरवलं आणि तिचा हात हातात घेतला. "स्वतःशी आठवलेलं असलं तर उरतं. तुम्ही दर वेळी ती आठवण सरांसाठी काढलीत आणि थापताना त्यांना वर बसवलंत. स्वतःसाठी ती कधी काढलीच नाहीत, मावशी."

काचेपलीकडे मुकुंद उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

मार्चमध्ये ते लडाखला गेले. उघड्या पठारावर बर्फ पसरलेलं, खुर्च्या मांडलेल्या, लोक कानटोप्या घालून कुडकुडत बसलेले. मुकुंदानं शालनच्या गळ्याभोवती स्वतःचा मफलर गुंडाळला. दोघांच्या डोक्यावर हेल्मेटं होती, डोळ्यांवर काळे चष्मे. सूर्य पश्चिमेला कलला होता आणि त्याचा घास घेतला जात होता. उजेड फिका, राखेसारखा झाला. वारा एकाएकी गार पडला. शालननं ओळखला तो वारा.

आणि मग बर्फावरून रेघा पळाल्या.

"मुकुंदा, ते बघ! साप!" ती किंचाळली. साठीची बाई, पण आवाज सात वर्षांच्या पोरीचा निघाला.

अंधार पडला. सगळ्यांनी चष्मे काढले आणि पठारभर एकच हाकाटी उठली. काळा गोल, भोवती पांढरी आभा, बाजूला चांदणी. शालन वर बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. हे सगळं अण्णांनी दाखवलं होतं तिला. कशावर बसवून दाखवलं, तेवढंच हरवलं होतं.

"ताई," मुकुंद म्हणाला. तो वर बघतच नव्हता. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते डोक्यावर असताना हा वेडा तिच्याकडे बघत होता. "त्या दिवशीचं बाकीचं सांगायचं राहिलंय. तेव्हा मी रागात होतो. हे मी ऐकलेलं नाही हं. बघितलेलं आहे. निळं आहे."

"अरे वर बघ आधी! संपेल ते!"

"संपू दे. आपल्या घराचं दार उघडलं. अण्णा दारात होते. ते एकटे नव्हते. त्यांच्या खांद्यावर तू होतीस. परकराला वाळू, हातात तो एक्स-रे. दुसऱ्या हातानं त्यांचे केस घट्ट धरले होतेस. चौकट ठेंगणी होती, तुझं डोकं आपटू नये म्हणून अण्णा गुडघ्यात वाकले, आणि त्यांनी एक हात वर नेऊन तुझ्या डोक्यावर ठेवला."

शालनचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि हेल्मेटवर थांबला. काळ्या गोलाच्या कडेनं उजेडाची पहिली ठिणगी फुटली होती, लोक टाळ्या वाजवत होते, इरावती पलीकडून, "चष्मे घाला, चष्मे!" म्हणून ओरडत होती.

शालननं डोळे मिटून घेतले, आणि भावाचा हात घट्ट धरून विचारलं,

"मग?"